न पाहिलेली चौदा झाडं

निरगुडकर मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पुरवण्या वाटत होते. फोन बंद करायचा राहून गेला होता, तो पर्समध्ये थरथरत राहिला. अण्णांचा नंबर होता. अण्णा म्हणजे मॅडमचे थोरले भाऊ. ते कामाशिवाय कधी फोन करत नाहीत. मी दाराबाहेर जाऊन हळूच 'हॅलो' म्हटलं. "मंजिरी, शैला गेली गं. सकाळी नऊच्या सुमाराला. चार वाजता नेतोय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आत मागच्या बाकावरच्या मुलीने पुरवणीसाठी हात वर केला होता. मी जाऊन तिला पुरवणी दिली, तिच्यावर सही केली, तारीख घातली... तारीख बरोबर घातली. आपल्या हातून तारीख बरोबर पडली याचंच मला कितीतरी वेळ आश्चर्य वाटत राहिलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मॅडमवर तुम्ही लिहा, तुम्ही त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनी, असं मला सांगण्यात आलं. ते खरं आहे. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी आहे, कारण माझ्यानंतर त्यांच्याकडे कुणाला विद्यार्थी म्हणून पाठवलंच गेलं नाही. असं का झालं, ते लिहिल्याशिवाय मला त्यांच्याबद्दल दुसरं काहीही लिहिता येणार नाही.

डॉ. शैलजा निरगुडकर. भोपाळच्या विद्यापीठात जिन्याखालची एक लांबट खोली त्यांच्या संशोधनगटाकडे होती. कोणत्या जागी किती प्रकारचे जीव राहतात, ते तिथेच का राहतात, शंभर पावलांवर का नाहीत, त्यामागे ऊन किती, धूळ किती, ओल किती, हे शोधायचं काम. इंदूरहून एम.एस्सी. करून मी तिथे गेले तेव्हा माझ्या डोक्यात वाघ होते, निदान पक्षी तरी. मॅडमनी माझे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "तुमच्या घरी गोडा मसाला कोण करतं?"

"आई."

"त्यात ते काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं काय असतं?"

"दगडफूल."

"बास. त्याच्यावर काम करायचंय."

मला हसू आलं होतं. पण मग त्यांनी मला खिडकीतून बाहेर नेऊन उभं केल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी एकमेकांच्या आधाराने थाटलेला संसार. त्याला मूळ नाही. ते झाडाच्या सालीवर बसतं, पण झाडाचं काही घेत नाही. हवेतून जे येईल तेवढ्यावर जगतं. म्हणून हवा बिघडली, ऊन वाढलं, की सगळ्यांच्या आधी तेच जातं, आणि ते गेलेलं कुणाला दिसतही नाही. मसाल्यात घालतात ते त्यातलं एक. अशा कितीतरी जाती भोपाळच्या झाडांवर होत्या, राखाडी, पिवळट, हिरवट, काही तर नुसत्या खडूच्या डागासारख्या.

आमची मोजणी बरीचशी चालायची ती कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. हा सरकारी कारखाना नवा उभा राहत होता तेव्हा मॅडमचे वडील नाशिकहून फिटर म्हणून इथे आले. उघड्या माळावर क्वार्टर्सच्या ओळी, आणि प्रत्येक घराला दोन-दोन रोपं दिलेली. मॅडमचा जन्म तिथला. पुढे अण्णाही त्याच कारखान्यात लागले, म्हणून घर टाउनशिपमध्येच राहिलं. मॅडमनी लग्न केलं नाही, वहिनी लवकर गेल्या, तेव्हा त्या दोन खोल्यांत भाऊ-बहीणच राहत. आजूबाजूचं शहर वाढत गेलं, रस्ते धुरकटले, पण टाउनशिपच्या आतले रस्ते शांत, झाडं जुनी, सावली दाट. तिथे आंब्या-कडुनिंबांच्या खोडांवर दगडफुलांच्या इतक्या जाती टिकून होत्या, जितक्या आम्हाला जंगलाच्या कडेला मिळत. माणसांनी रोजच्या पाण्याने वाढवलेल्या झाडांवर जंगल येऊन बसलंय, असं मॅडम म्हणायच्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज थोडा बदलायचा.

गटात तेव्हा आम्ही दोघंच संशोधक उरलो होतो, मी आणि इमरान. इमरान जुन्या भोपाळचा. वडिलांचं करोंदच्या मंडीत बियाण्यांचं दुकान. घराण्यात कॉलेजच्या पुढे गेलेला तो पहिलाच. त्याच्या नजरेची मला असूया वाटायची. मी चौकट लावून दहा मिनिटं पाहायची, आणि तो मागून येऊन म्हणायचा, "अरे मंजिरी, ये कोने में देख. ये वाला अलग है यार." आणि ते खरंच वेगळं असायचं. सकाळी सहाला आम्ही निघायचो. तारेची चौकट खोडाला छातीच्या उंचीवर बांधायची, चारही दिशांना, एकेका चौकोनात काय दिसतं ते एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. जो वाचतो त्याने लिहायचं नाही, हा मॅडमचा नियम. मोजणी संपली की अण्णांच्या हातचे पोहे. त्यांच्या नाशिकच्या पोह्यांवर मी इंदूरचा जीरावन मसाला भुरभुरायची, अण्णा नाक मुरडायचे, आणि पुढच्या वेळी डबी स्वतःच पुढे करायचे. मॅडम मला 'तू' म्हणायला लागल्या त्या याच घरात.

मग टाउनशिपच्या एका सेक्टरवरून रस्ता जाणार असं ठरलं. कारखान्यातली माणसं कमी झाली होती, क्वार्टर्स ओस पडत होते. रस्ता रुंद होणार, कडेला नव्या इमारती होणार. त्यासाठी जी झाडं जाणार होती त्यांत मॅडमच्या वडिलांनी लावलेला आंबाही होता, पण मॅडमनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, आपल्याकडे नोंदी आहेत, आपण नोंदी मांडू. टी. टी. नगरातल्या एका सरकारी कार्यालयात सुनावणी होती. तिच्यासाठी मॅडम अहवाल लिहायला बसल्या. त्या सेक्टरची शेवटची फेरी तक्त्यात त्यांच्या नावावर होती. लिहिण्यात वेळ जाईल म्हणून ती त्यांनी माझ्याकडे दिली. इमरान त्या आठवड्यात जंगलाच्या बाजूला होता. "एकटीने जावं लागेल," मॅडम म्हणाल्या, "पण तू करशील." हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मे महिना होता. मी बरीचशी झाडं केली. चौदा राहिली. त्यातच बाबांचा इंदूरहून फोन आला, मुलाकडचे लोक येणार आहेत, दोन दिवस ये. दोनाचे चार झाले. स्थळ जमलं नाही ते नाहीच. परत येताना बस आष्ट्याला चहासाठी थांबली, आणि दुसऱ्या दिवशी तक्ते द्यायचे होते. ढाब्याच्या टेबलावर मी तक्ते काढले. शेजारच्या झाडांवर काय होतं ते मला पाठ होतं. कडुनिंबावर साधारण काय असतं, उत्तरेच्या बाजूला किती, दक्षिणेच्या बाजूला किती... चहा निवायच्या आत चौदा झाडं झाली. मी आकडे फार चढवले नाहीत, उतरवलेही नाहीत. ते खरे वाटतील असे लिहिले. हे मी आजारी होते म्हणून केलं नाही, कुणाच्या धाकाने केलं नाही. मी दमले होते आणि मला ते करता येत होतं, म्हणून केलं.

सुनावणीला तीन दिवस होते तेव्हा मॅडमचा निरोप आला, टाउनशिपमध्ये ये. त्या भर दुपारी रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभ्या होत्या. अहवाल दाखल झाला होता, पण लोकांसमोर बोलायचा आकडा आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, म्हणून त्या तक्ते घेऊन फिरत होत्या. त्यांच्यासमोर मोकळी जमीन होती. नुसती उकरलेली माती, आणि कुणीतरी टाकलेल्या विटा.

"इथे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी समोरच्या विटांकडे पाहिलं.

"इथे कडुनिंब होता. महिन्याभरापूर्वीच्या वादळात पडला. पुढचे दोनही पडले. तू इथे सात जाती लिहिल्या आहेस. चारही दिशांच्या."

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली, पण जवळ आल्या नाहीत.

"किती झाडं?"

"चौदा."

"बाकीची खरी?"

"हो मॅडम."

त्यांनी हातातले तक्ते दुमडले. मग म्हणाल्या, "तुझ्या 'हो'चं आता मी काय करू, मंजिरी?"

त्यांनी मला 'तू' म्हटलं ते तेव्हा शेवटचं.

उरलेली अकरा झाडं त्यांनी दोन दिवसांत एकटीने मोजली. मला बरोबर घेतलं नाही. नियम मोडून स्वतःच वाचलं, स्वतःच लिहिलं. आणि जे निघालं ते माझ्या खोट्या आकड्यांपेक्षा सरस होतं. मी गेले असते, नुसतं जाऊन पाहिलं असतं, तरी आमची बाजू अधिक भक्कम झाली असती. सुनावणीच्या दिवशी मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, की अहवालातल्या चौदा झाडांच्या नोंदी खऱ्या नाहीत, ती झाडं पाहिली गेलेली नव्हती, अहवालावर सही त्यांची आहे आणि जबाबदारीही त्यांचीच आहे. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मॅडमच्या हातात नवे तक्ते होते, ते त्या पुढे करत होत्या. समोरचे अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, जब चौदह झूठे हैं, तो बाकी पे हम कैसे भरोसा करें?" कुणीतरी हसलं. नवे तक्ते कुणी हातात घेतले नाहीत. मी उठून उभी राहू शकत होते. खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून मी बसून राहिले.

बाहेर व्हरांड्यात इमरानने मॅडमना विचारलं, "मॅडम, किसने किया ये?" त्या म्हणाल्या, "सही मेरी है, इमरान." आकडे मॅडमनीच बनवले, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. तक्त्यात तो सेक्टर त्यांच्याच नावावर होता. मग तो माझ्याकडे वळला. "तेरे को कुछ पता है?" आणि मी म्हटलं, "नहीं."

झाडं पावसाळ्याच्या आधीच तोडली गेली. अण्णांनी नंतर कधीतरी सांगितलं, बाबांचा आंबा दुपारी पडला, शैला तिथेच उभी होती, घरी आली आणि कणीक मळायला बसली. विद्यापीठात चौकशी बसली. प्रकल्प बंद झाला, त्याबरोबर इमरानची फेलोशिपही. दोन वर्षांचं काम तसंच टाकून त्याने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, मॅडम समोर बसलेल्या असताना त्यांच्याकडे न बघता निघून गेला, आणि वडिलांच्या दुकानात जाऊन बसला. जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या गेल्या. 'आकडे बनवणाऱ्या बाई' असं मॅडमना म्हटलेलं मी स्टाफरूमच्या दारातून स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्यांत मॅडमच्या हाताखाली शिकलेले लोक होते.

मला त्यांनी काढून टाकलं नाही. वाचवलं असंही मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्या प्रबंधातून तो अख्खा सेक्टर काढायला लावला आणि उरलेलं प्रत्येक झाड पुन्हा मोजायला लावलं. दीड वर्ष. दर वेळी त्या स्वतः बरोबर आल्या. मी चौकट बांधायची, त्या पेन्सिल घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "वाचा." वाच नाही, वाचा. "पाणी प्या." "ऊन झालंय, आता तुम्ही निघा." आपल्या भाषेत मान देण्यासाठी असलेला शब्द माणसाला इतका दूर ढकलू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अण्णांच्या पोह्यांना मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. पदवी मिळाली त्या दिवशी मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. म्हणाल्या, "नोकरी लागेल तुम्हाला." लागली.

एकदा धीर करून मी विचारलं होतं, माझं नाव का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तुम्हाला एकटीला पाठवलं मी. घाईत होते. नियम माझा होता, तो मी मोडला." यात दिलासा नव्हता. त्या त्यांची चूक सांगत होत्या, माझी माझ्याकडे ठेवून.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. दोघं अशोका गार्डनला रेल्वेलाइनच्या बाजूच्या एका तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात मॅडमची फुप्फुसं निकामी होत चालल्याचं कळलं आणि मी भेटायला गेले. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. गाडी गेली की खिडकीची तावदानं हलायची आणि आम्ही दोघी बोलणं थांबवायचो. मी म्हटलं, "मॅडम, मी सगळं लिहू का? खरं काय झालं ते?"

"मी असेपर्यंत नको. लोक कीव करायला येतील. मला दम लागतो माणसं आली की."

गाडी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

"इमरानला सांगा," त्या म्हणाल्या. "लिहायचं ते नंतर. आधी त्याला सांगा. तो आला तर..." त्यांना खोकला आला. वाक्य राहिलं. अण्णा पाणी घेऊन आले. मी निघताना 'हो' म्हटलं.

आणि मी गेले नाही. त्या महिन्यात कॉलेजची तपासणी होती. मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग काहीच नव्हतं, तरी मी गेले नाही. करोंद माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. दोनदा मी मंडीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मॅडमना वेळ आहे असं मी धरून चालले होते. आणि मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये फोन थरथरला. स्मशानात दहा-बारा माणसं होती, विद्यापीठातून दोन. इमरान नव्हता. त्याला कळवायला कुणाकडे त्याचा नंबरच नव्हता.

आठवड्याने मी करोंदला गेले. इमरान दुकानात बियाण्यांची पोती मोजून घेत होता. केस पिकलेत. मला पाहून हसला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी चहा येण्याआधीच सगळं सांगितलं. मॅडम गेल्या हे आधी, आणि मग बाकीचं. आष्ट्याचा ढाबा, ती माती, व्हरांड्यातलं माझं 'नहीं'. तो उभाच होता. बाहेर ट्रॅक्टर उलटा येत होता, त्याला हात करून त्याने थांबवलं, तो नीट लागू दिला, आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

"ग्यारह साल," तो म्हणाला. "ग्यारह साल मैं उनसे नहीं मिला. एक बार मार्केट में दिखी थीं. मैंने मुँह फेर लिया था."

"इमरान..."

"उन्होंने कब बोला था तेरे को, कि इमरान को बता?"

"दिसंबर में."

त्याने बोटांवर महिने मोजले. खरोखर मोजले, अंगठ्याने एकेका पेरावर. "तो तीन महीने थे," तो म्हणाला. "यार मंजिरी... तीन महीने थे." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा आला, तो त्याने हमालाला देऊन टाकला. मग शटर अर्धं खाली ओढून म्हणाला, "घर किधर है उनका? चल."

अण्णांनी दार उघडलं. इमरानला ओळखायला त्यांना वेळ लागला, आणि ओळखल्यावर त्यांनी त्याचा हात जो धरला तो सोडलाच नाही. मॅडमच्या खोलीत त्यांनी आम्हाला बसवलं. यंत्र परत गेलं होतं. खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक साधी शाळकरी वही होती, दोरीने पेन्सिल बांधलेली, आणि शेजारी हातभिंग. अण्णा म्हणाले, इथे आल्यापासून तिचं हे चालू होतं. खाली कंपाउंडची भिंत आहे ना, रेल्वेकडची, तिच्यावर खडूने चौकोन आखून घेतला होता. दर सोमवारी खाली जाऊन बघायची. पुढे जिना उतरवेना, तेव्हा मी जायचो, भिंग घेऊन. वर आलो की विचारायची, "नीट पाहिलंस ना अण्णा?" आणि मग लिहायची.

इमरानने वही उघडली. पानांमागून पानं. तारीख, ऊन की ढग, आणि पुढे शून्य. रेल्वेलाइनच्या त्या काळवंडलेल्या भिंतीवर कधीच काही उगवलं नव्हतं. एकदाही नाही. शेवटची काही शून्यं वाकडी झाली होती, एक तर ओळीच्या खाली घसरलं होतं, पण सोमवार चुकलेला नव्हता. शेवटच्या नोंदीनंतर पान कोरं होतं.

"आज कौन सा दिन है?" इमरानने विचारलं.

"सोमवार," अण्णा म्हणाले.

इमरानने भिंग उचललं. मला वाटलं, तो जाईल. त्याने ते माझ्यापुढे धरलं. त्याचा हात स्थिर होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मैत्री नाही, राग नाही. "तू जा," तो म्हणाला. "नीचे जा के देख. फिर ऊपर आ के बोल. मैं लिखूँगा."

मी तीन मजले उतरले. ऊन भिंतीवर थेट पडलं होतं. खडूची रेघ पुसट झाली होती, पण चौकोन कळत होता. मी गुडघे टेकून बसले आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. काजळी, सिमेंट, एक भेग, पुन्हा काजळी. एक गाडी गेली, मग दुसरी. चौकोन संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग वर गेले. इमरान वही मांडीवर घेऊन बसला होता, तारीख त्याने घालून ठेवली होती.

"शून्य," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.